सटवीची फळी

व्यंकटरावांना मी दोनदा नाही म्हणालो होतो. तिसऱ्यांदा ते थेट शाळेत आले आणि हेडमास्तरांसमोर बसून त्यांनी माझी इतकी तारीफ केली की नाही म्हणायची सोयच उरली नाही. मी चित्रकलेचा मास्तर, परभणीत. निवृत्तीला तीन महिने उरलेले. तीस वर्षं पोरांच्या कागदांवरचे आंबे आणि झेंडे तपासून डोळे बेजार झालेले, मान धरलेली. आता कुठं जरा इत्मिनानानं बसावं म्हटलं, तर हे महाशय म्हणतात, आमच्या गावची सटवाई साफ करून द्या.

"सर, तुमी अजिंठ्याला चित्रं धुतलीत म्हनं."

"धुतली नाहीत हो. धुतात ती धोतरं. सहा वर्षं कापसाचे बोळे फिरवले, तेही दुसऱ्याच्या हाताखाली. त्यालाही आता तीस वर्षं झाली."

"तेच म्हनतो मी. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा मानूस न्हाई तसा."

खरंच नव्हता, हेच माझं दुर्दैव. व्यंकटराव थडी निमगावच्या देवस्थानाचे अध्यक्ष. गाव सोनपेठच्या अलीकडं, गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. माघी पुनवेला तिथं सटवाईची जत्रा भरते. यंदा जत्रेत त्यांना शेंदराखालचं जुनं चित्र उघडं करून दाखवायचं होतं, पेपरात फोटो द्यायचा होता आणि त्या जोरावर गावाला डांबरी रस्ता मागायचा होता. रस्त्यासाठी माझी मान मोडायची, असा एकूण बेत. घरी पार्वतीबाईला सांगितलं तर ती म्हणाली, जा, नाहीतरी घरात बसून माझ्या पोळ्यांना नावंच ठेवाल. गेलो.

सन अठ्ठ्याऐंशी नुकतंच लागलं होतं. आमची एसटी गंगाखेडला विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात दीड तास अडकली. समोरच्या भिंतीवर कोणी 'नाव द्या' लिहिलेलं, त्यावर कोणी चुना फासलेला, आणि चुन्यातून खालची अक्षरं पुन्हा वर आलेली. आमच्या स्टाफरूममध्येही याच एका नावावरून दोन मास्तर दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका नावाला माणसं किती भितात, असं काहीतरी मनात आलं आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपून गेलो.

देऊळ म्हणजे काळ्या दगडाची एक खोली आणि पुढं पत्रे. आत भिंतीला टेकवून सागाची एक फळी उभी होती, कमरेएवढी उंच. तिच्यावर शेंदराचा थर असा की दोन बोटं आत जातील. त्यातून एवढाच आकार कळायचा: कोणीतरी मांडी घालून बसलंय, डोक्यावरून पदर घेतलाय आणि उजव्या हातात लेखणी धरलीय. तोंडाच्या जागी चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, त्यातला एक गळून पडलेला. अगदी खाली, फळीच्या काठाशी, शेंदूर पोचला नव्हता. तिथं बाळबोध अक्षरांत एकच शब्द दिसत होता: लिहिले.

झालं की. हातात लेखणी आणि पायाशी 'लिहिले'. मग सटवाई नाही तर दुसरं कोण? लेकरू जन्मलं की सहाव्या दिवशी ही बाई येते आणि त्याच्या कपाळावर जन्माचं लिहून जाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आसपासच्या वीस गावांत सटवाजी नावाचे बाप्ये हाक मारावी तिथं सापडतात, ते सगळे हिच्याच नवसाचे.

पुजारीण कडूबाई गुरवीण. सत्तरीची, वाळून काटकी झालेली, पण जीभ जागेवर. मला वरून खालून न्याहाळून म्हणाली, "तुमीच का खरवडनारे?"

"साफ करणारे."

"एकच ते. हे बगा मास्तर, बाईचा डोळा गळाला तवाच मी गावाला सांगितलं, बाईनं अंगावरचं कवच सोडायला लागलं म्हनून. देव कवा कवा सोडतो. मंग ते गंगंत सोडायचं, जुना दस्तूर हाय. मानसानं खरवडलं म्हनलं तर लोक दगडं घेऊन येतील. तवा दार लावून काम करा."

व्यंकटराव मान डोलवत होते. लबाडी दोघांनी आधीच ठरवलेली आणि मला दारात आणून सांगत होते. मी पिशवी उचलून परत निघणार होतो, खरंच. पण तेवढ्यात एक पोर पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोर म्हणजे बावीस-तेवीसची बाई, पोट पार पुढं आलेलं, चालताना एक हात भिंतीला. मी 'बस गं बाळ' म्हणालो तर एवढ्यानंसुद्धा ती दचकली.

"ही लिला. माही नातसून," कडूबाई म्हणाली आणि ती जाईपर्यंत थांबली. "आज-उद्या सुटंल. माहेरी कोनी न्हाई, म्हनून हितंच. आदी दोन गेली हिची. एक नवव्या दिवशी, एक सव्वा महिन्याचं होऊन. माह्या सुनेनं, तानूनं, भुजंगाला, हिच्या नवऱ्याला, दुसरी बायकू करायचं काढलंय. हे तिसरं लेकरू हाय, मास्तर. हे बी गेलं तर हिचं गठुडं दाराभायेर. तवा माही एक अट हाय. सहाव्या दिवशी बाईच्या कपाळाचा शेंदूर लेकराच्या कपाळाला लावावा लागतो. त्या दिवशी बाईला तोंड पायजे. बाकी तुमचं काय ते करा."

मी हो म्हणालो. सटवीबिटवीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, उलट चीडच होती. पण त्या पोरीचं दचकणं डोळ्यांपुढून जाईना.

कामाचं काय सांगावं. कोमट तिळाचं तेल थरावर चोळायचं, तासभर मुरू द्यायचं. मग टर्पेन्टाइन आणि स्पिरिट बोळ्यावर घेऊन गोल गोल फिरवायचं. थर नरम पडला की बोथट सुरीनं सोलायचा, खालच्या रंगाला ओरखडा न येऊ देता. दिवसाला वीतभर जागा. दार बंद, त्या वासानं डोकं ठणकायचं, आणि दुपारी मान वर केली की भोवळ यायची. निघालेला शेंदूर मी वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून ठेवत होतो, कडूबाईनं सांगितलं होतं म्हणून. व्यंकटराव दिवसातून चारदा दार वाजवून विचारायचे, "दिसली का सर?" मी आतूनच ओरडायचो, "दिसली की हाक मारतो, तुम्ही ऊस पाहा जाऊन!"

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई साखर घेऊन आली. लीला सुटली होती. मुलगी.

"सुनेनं तोंड फिरवलं," ती म्हणाली. "फिरवू दे. पोरगी कशी रडायलीय ऐका, हितवर ऐकू येतंय." खरंच येत होतं. देवळामागंच गुरवांचं घर. म्हातारीनं उरलेली साखर स्वतःच्या तोंडात टाकली आणि हात झटकत गेली.

आधी सुटला पदर. तो पदर नव्हता, शाल होती, काठाला बारीक बुट्टी काढलेली. मग कान निघाला आणि कानात भिकबाळी. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण मी इतका थकलेलो की बायकांनाही कोण्या काळी घालत असतील म्हटलं आणि पुढं गेलो. सातव्या दिवशी सकाळी नाकाखाली बोळा फिरवला आणि मिशी वर आली. चांगली झुबकेदार, टोकं वळवलेली.

"च्यायला!" मी ओरडलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं.

मग मात्र माझा थकवा कुठं गेला मला कळलं नाही. तोंडावरचा उरलेला थर काढला. हात काढला. हात पाहिला आणि मी सरळ खाली मांडी घालून बसलो. लेखणी कोणी अशी धरत नाही. लेखणी धरताना बोटं टोकाशी येतात. इथं बोटं पार मागं होती आणि करंगळी खाली टेकवून सगळा हात तोललेला. तीस वर्षं पोरांना मी दुसरं काय सांगत आलो? अरे गधड्यांनो, करंगळी टेकवा, हात थरथरत नाही. तो कुंचला होता! आणि खालची ओळ साफ केली तेव्हा त्या एका शब्दाच्या आधीचे शब्द आले. शके १६८२. अंबाजी चितारी याने लिहिले.

जुन्या काळी आपल्याकडं चित्र काढत नसत, चित्र लिहीत. 'लिहिले' म्हणजे रंगवले. एवढा एक शब्द उघडा राहिला आणि त्यातून लोकांनी सटवाई उभी केली. फळीच्या वरच्या काठाला एक निळं पाऊल होतं, तोडा घातलेलं, घोट्याशी तुटलेलं. वरचा सगळा भाग कोणीतरी कधी काळी करवतीनं कापून नेला होता. कृष्ण असेल, विष्णू असेल, त्याच्या पायाशी या अंबाजीनं थंडीची शाल पांघरून स्वतःला बसवून घेतलं होतं. देव गेला आणि चितारी राहिला.

मी रडलो, लपवत नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, मिशीवाल्या एका चिताऱ्यासमोर बसून रडलो. अशी सहीनिशी बसलेली चिताऱ्याची तसबीर आमच्या भागात कोणाला सापडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. जन्मभर कॅलेंडरचे गणपती आणि स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले मी. शेवटी का होईना, काहीतरी माझ्या हातून निघालं होतं. डोळे कसे रंगवले होते त्यानं! दोन केसांएवढ्या रेषा, आणि त्यात माणूस दमलेला आहे हे कळत होतं.

कडूबाई चहा घेऊन आली ती याच वेळी. तिनं फळीकडं पाहिलं. चहा खाली ठेवला. जवळ आली, परत पाहिलं.

"ह्यो कोन?"

"चितारी!" मी पोरासारखा बोलत सुटलो. "कडूबाई, सटवाई नाहीच ही. अंबाजी नावाचा चितारी, त्यानं स्वतःचंच चित्र काढलंय. ही लेखणी नाही, कुंचला आहे. आणि हे 'लिहिले' म्हणजे..." मी सगळं सांगितलं, अगदी करंगळीपर्यंत. ती ऐकत होती. मग हळूच उंबऱ्यावर बसली.

"मंग लिहिलं कोनी?"

"अहो, लिहिलं म्हणजे रंगवलं, तेच तर..."

"त्ये न्हाई. लिलाच्या दोन लेकरांचं. ते कोनी लिहिलं मंग?"

माझं डोकं फिरलं. हा शब्द ऐकला की फिरतंच. "कोणी लिहिलं नाही!" मी ओरडलो. "लिहिलंबिहिलं काही नसतं, कडूबाई. लेकरं आजारी पडतात, वेळेवर डॉक्टर मिळत नाही आणि मरतात. माझी मुलगी गेली, सुनेत्रा. सात वर्षांची. विषमज्वर झाला. मी अजिंठ्याला होतो. तार आली तेव्हा मी कुठल्या तरी राजकन्येच्या गालावरची काजळी काढत होतो. तार वाचली आणि म्हटलं, एवढा गाल पुरा करून उद्या निघतो. घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं. आणि बायको मला म्हणते, तिचं तेवढंच लिहिलं होतं! मी खेकसलो तिच्यावर. त्यानंतर पुन्हा तो शब्द घरात काढू दिला नाही."

कडूबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं. "बायकूनं तुमाला कवा इचारलं का, तुमी कुटं होते म्हनून?"

"नाही."

"येक दिवस कामून थांबले म्हनून?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग," ती म्हणाली. "लिहिलेलं व्हतं म्हनली आन् तुमाला सोडलं तिनं. न्हाईतर जन्मभर इचारीत बसली असती. तुमाला एवढं बी कळंना, मास्तर? शिकलेले मानसं तुमी."

तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घोटभर चहा प्यायलो. कडूबाई पुढं बोलतच होती, आवाज न चढवता, ज्वारी निवडत बसल्यासारखी.

"लिलाचं पयलं लेकरू गेलं तवा तानू म्हनली, हिनं थंड पान्यात हात घातले. दुसरं गेलं तवा म्हनली, हिच्या पायगुणानं. दोन्ही टायमाला मी मदी पडले. सटवीनं लिहिलं व्हतं तेवढंच जगलं म्हनलं. सटवीच्या पुजारनीनं सांगितल्यावर कोन बोलंल? म्हनून ही पोरगी आजून घरात हाय. उद्या जत्रंत लोकायला दिसलं का ही बाईच न्हाई, मिशीवाला बाप्या हाय, आन् लिहिनारं कोनी नव्हतंच, तर मंग कोनाला धरतील? सांगा की. तुमाला धरतील का त्या आंबाजीला?"

"पण मुलगी तर चांगली आहे ना? रडते, पिते..."

"हाय चांगली. आदली दोन बी चांगलीच व्हती." तिनं फळीकडं हनुवटी केली. "झाका."

"कडूबाई, दोनशे अठ्ठावीस वर्षांनी उजेड पाहिलाय त्यानं. मी... माझ्या हातून जन्मात एवढं एकच झालंय हो."

"त्यो मेला. ही जित्ती हाय."

ती कप घेऊन निघून गेली. मी बसून राहिलो. राग आला होता, तिचा, व्यंकटरावांचा, अंबाजीचाही. गड्या, तुला नावच घालायचं होतं तर मोठ्या अक्षरांत का घातलं नाहीस? मग मागच्या घरातून ती तान्ही पोर रडायला लागली. कोणीतरी बाई तिच्यावरून कोणावर तरी ओरडत होती, शब्द कळत नव्हते, आणि उत्तर कोणी देत नव्हतं. उत्तर न देणारी कोण असेल ते मला माहीत होतं.

मी उठलो. आधी चित्रावर मेणाचा पातळ हात दिला आणि वर मलमलीचा तुकडा बसवला, म्हणजे रंगाला शेंदूर लागणार नाही आणि पुढंमागं कोणाला काढायचंच झालं तर सुखानं निघेल. एवढी हौस मी करून घेतली. मग वर्तमानपत्राच्या पुड्या सोडल्या आणि सात दिवस जो शेंदूर सोलला होता तोच तेलात मळून परत थापायला बसलो. शालीचा पदर केला. कुंचल्याची लेखणी केली. मिशीवर अंगठा दाबून ओठ केले, बाईचे, जरासे हसरे. दोन्ही चांदीचे डोळे बसवले. ओळीतला एक शब्द उघडा ठेवला आणि बाकीची ओळ भरून टाकली. नाव आणि शक कागदावर उतरून घ्यावा असं फार वाटलं. पण कागद फिरतात, कोणाच्या तरी हातात पडतात, म्हणून तेही केलं नाही. मध्यरात्रीपर्यंत सटवाई पहिल्यापेक्षा ठसठशीत होऊन बसली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम, आणि ते चित्र बुजवण्याचं.

दुसऱ्या दिवशी सहावी होती. कडूबाईनं सकाळीच येऊन फळीच्या कपाळाचा चिमूटभर शेंदूर नखानं काढला, पानात घेतला आणि मलाही घरी बोलावलं. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यांनी जायचं नसतं, मी अंगणात बाजेवर बसलो. आत पाट मांडलेला दिसत होता, त्यावर कोरा कागद आणि शेजारच्या कोण्या पोराच्या दप्तरातलं पेन. तानूबाई तोंड पाडून का होईना पण हळदीकुंकू घेऊन उभी होती. भुजंग, लीलाचा नवरा, उगाच इकडून तिकडं करत होता. शेंदूर लावल्यावर पोरगी शिंकली आणि आतल्या बायका हसल्या.

दाराआडून लीलाचा आवाज आला. "मास्तर, तुमी बाईचं खरं तोंड पाह्यलं म्हनं. कशी हाय हो?"

काय सांगू? "चांगली आहे," मी म्हणालो. "माणसासारखीच आहे, बाळ. जरा दमल्यासारखी दिसते."

"लिहून लिहून दमली आसंल," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

व्यंकटराव हसले नाहीत. देवळात शिरले आणि होती तशीच सटवाई पाहून त्यांचा आवाज चढला. "सर, हे काय? हाय तसंच!"

"आतला रंग किडलाय. वाळवी लागली होती. उघडं ठेवण्यासारखं काही नाही आत."

"मंग आठ दिवस काय केलं तुमी?"

"किडलंय का ते पाहिलं."

"मी गावाला तोंड काय दाखवू? पेपरवाल्याला यायला सांगितलंय! मोठे अजिंठ्याचे मानूस म्हनून आनलं तुमाला, आन् तुमी माह्या रस्त्याचं वाटोळं केलं!" ते बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. जाताना त्यांनी बैलगाडीसुद्धा दिली नाही. पिशवी खांद्याला लावून मी सडकेपर्यंत दीड कोस चाललो आणि गंगाखेडची एसटी धरली.

घरी पार्वतीबाईनं विचारलं, झालं का काम? झालं म्हणालो. तिला जे सांगायला हवं होतं ते जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मार्चअखेर मी निवृत्त झालो. नारळ मिळाला, शाल मिळाली, दोन न बोलणाऱ्या मास्तरांनी पाठोपाठ उभं राहून माझ्यावर भाषणं केली.

चैत्रात, उन्हं तापायला लागल्यावर, एका दुपारी दार वाजलं. कडूबाई. एकटीच, एसटीनं आलेली, शाळेत पत्ता विचारत. पायातल्या चपला हातात धरून उभी होती. पार्वतीबाईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "लेकरू गेलं, मास्तर."

मी तिच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.

"शिमग्याच्या तोंडाला डबा झाला. छाती भरली. गाडी जुंपून सोनपेठला नेलं, वाटंतच गेलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिसऱ्या दिवशी तानूनं लिलाचं गठुडं बांधून अंगनात आनून टाकलं. भुजंग मान खाली घालून बसला. मी म्हनलं, सटवीनं लिहिलं व्हतं. तर तानू मलाच म्हनली, तीन तीन टायमाला सटवी हिच्याच लेकराला का लिहिती, हिच्यातच खोट हाय. व्यंकटराव आले, चार मानसं आली. समदे तानूच्या बाजूनं. न्हाई चाललं माहं काही."

"मग?"

ती माझ्याकडं न पाहता बोलली. "मंग मी तुमचं नाव घेतलं."

"माझं?"

"बाईनं कवच सोडलं नव्हतं, मी म्हनलं. मास्तरनं खरवडलं, सुरीनं खरवडलं, माह्या डोळ्यासमोर. बाईच्या तोंडावर सुरी चालीवली, बाई कोपली आन् घरातलं लेकरू नेलं. लिलाचा गुन्हा न्हाई, मास्तरचा हाय म्हनलं. व्यंकटरावाला तेच पायजे व्हतं, सोताच्या अंगावर याया नको म्हनून. त्यो लगेच म्हनला, मी साफ कराया सांगितलं व्हतं, खरवडाया न्हाई. समद्यायनी मान हालवली." मग ती म्हणाली, "गावात तुमच्या नावानं थुंकायलेत, मास्तर. जत्रा बी मोडली म्हनायलेत तुमच्यापायी. सोनपेठच्या अंगाला येऊ नका. हेच सांगाया आले. आन् पाया पडाया."

ती खरंच वाकायला लागली. मी तिचे दंड धरले. हाडं नुसती.

"लीला कुठं आहे?"

"घरात हाय. गठुडं सोडलं तिचं. काल तानूनं सोता तिला भाकर वाढली."

पार्वतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती भांडेल म्हातारीशी, माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंस म्हणून. ती आत गेली आणि कडूबाईचं ताट वाढून घेऊन आली.

कडूबाई जेवायला बसली, पण घास हातातच राहिला. "येक सांगू का? आदल्या दोन टायमाला लिला सोताचंच डोस्कं भित्तीवर आपटून घ्यायची. माहंच चुकलं, माहंच चुकलं म्हनायची. तिला धरून ठिवावं लागायचं. या टायमाला डोस्कं आपटीत न्हाई. रडती आन् तुमाला शिव्या देती. तोंडाला येईल ते बोलती, मास्तर. तुमच्या लेकराबाळाचं वाटोळं व्हवो म्हनती. तिला खरंच वाटतं ना."

तिच्या अंगणात बसून ऐकलेलं ते हसणं मला आठवलं.

"देऊ द्या," मी म्हणालो. "तिला अडवू नका. पोटभर देऊ द्या."